ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्रण : डोळा, कॅमेरा आणि पुरावा

प्रस्तावना

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला, अशी नोंद त्या आठवड्यातील ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने केली होती. जेमतेम १९ अंश उत्तर अक्षांशावरील शहरातून हा प्रकाश दिसावा, ही घटना इतकी विरळ आहे की कमी अक्षांशांवरील ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करणारे संशोधक आजही या नोंदीचा उल्लेख करतात. त्या रात्रीच्या चुंबकीय वादळाने अनेक देशांतील तारायंत्रांचे काम विस्कळीत केले होते. मात्र मुंबईतील दृश्याचे छायाचित्र नाही आणि ते असणे शक्यही नव्हते. तो ओल्या कलोडियन काचांचा काळ होता. काच ओली असेतोवरच चित्र घ्यावे लागे आणि तिची प्रकाशसंवेदनक्षमता इतकी अल्प होती की रात्रीच्या आकाशातील क्षीण प्रभेचा मागमूसही तिच्यावर उमटला नसता.

१०-११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हॅनले येथे परिस्थिती याच्या अगदी उलट होती. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तेथील वेधशाळेतील कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजालगत पसरलेली तांबडी प्रभा स्पष्टपणे टिपली. ती छायाचित्रे देशभरातील वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केली. परंतु चित्रात जितका गडद लाल रंग दिसतो, तितका तो त्या अंधारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. १८७२ मध्ये डोळ्यांनी पाहिले ते काचेवर उमटू शकले नसते. २०२४ मध्ये कॅमेऱ्याने जे टिपले ते डोळ्यांना जेमतेमच दिसू शकते. मग हे छायाचित्र अतिरंजित म्हणावयाचे काय? नॉर्वे किंवा आइसलँडला जाऊन आलेला पर्यटक ‘चित्रात पाहिले तसे काही तेथे नव्हते’ असे म्हणतो, तेव्हा तो नेमक्या याच प्रश्नाला स्पर्श करीत असतो. प्रस्तुत लेखात ध्रुवीय प्रकाशाच्या छायाचित्रणाचा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

प्रकाशाचे उगमस्थान व वर्ण

सूर्याकडून अखंड वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो. या आंतरक्रियेतून गतिमान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांच्या अनुरोधाने ध्रुवांभोवतालच्या कंकणाकृती पट्ट्यात खाली उतरतात आणि वातावरणातील अणुरेणूंना उत्तेजित करतात. उत्तेजित अणू मूळ अवस्थेत परतताना प्रकाश बाहेर टाकतो. इतका भाग पाठ्यपुस्तकांतून सर्वपरिचित आहे. छायाचित्रणाच्या दृष्टीने त्यापुढचा तपशील अधिक महत्त्वाचा ठरतो.

ध्रुवीय प्रकाशातील सर्वांत ठळक हिरवा रंग हा ऑक्सिजन अणूच्या ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एकाच वर्णरेषेचा असतो. स्वीडिश शास्त्रज्ञ आँगस्ट्रॉम यांनी ही रेषा १८६० च्या दशकात मोजली होती. पण ती ऑक्सिजनची आहे हे सिद्ध होण्यास १९२५ साल उजाडले. कॅनडातील मॅक्लेनन व श्रम यांनी ती प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविली. या रेषेसाठी उत्तेजित झालेला अणू सरासरी पाऊण सेकंदाच्या आत प्रकाश टाकून मोकळा होतो. लाल रंगाची रेषा ६३० नॅनोमीटरची असून तीही ऑक्सिजनचीच आहे, परंतु तिच्यासाठी अणूला जवळजवळ ११० सेकंद उत्तेजित अवस्थेत राहावे लागते. सुमारे २०० किलोमीटर उंचीच्या खाली हवा इतकी दाट असते की तेवढ्या अवधीत दुसऱ्या कणाशी टक्कर होऊन अणूची ऊर्जा निघून जाते आणि लाल प्रकाश बाहेर पडतच नाही. म्हणून हिरवा प्रकाश मुख्यत्वे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर, तर लाल प्रकाश २०० किलोमीटरच्या वर आढळतो. नायट्रोजनच्या आयनांचा निळा-जांभळा प्रकाश (३९१.४ व ४२७.८ नॅनोमीटर) मात्र उत्तेजनानंतर तत्क्षणीच बाहेर पडतो.

या तीन कालावधींचा परिणाम थेट चित्रात दिसतो. हिरव्या पडद्याच्या कडा रेखीव असतात, त्यातील किरण क्षणोक्षणी हलतात. लाल प्रभा मात्र धुरकट, संथ आणि सीमारेषा नसलेली असते, कारण प्रकाश बाहेर पडेपर्यंत अणू आपल्या जागेवरून बराच सरकलेला असतो. हिरव्या पडद्याचे चित्र जलद घ्यावे लागते. लाल प्रभेला दीर्घ काळ दिला तरी तिचे काही बिघडत नाही.

पहिल्या काचा

१८८२-८३ च्या हिवाळ्यात पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने सोफुस ट्रोमहोल्ट हा डॅनिश शिक्षक व निरीक्षक उत्तर नॉर्वेतील काउतोकेइनो या सामी लोकांच्या वस्तीत राहिला. तेथील निरीक्षणे बोसेकोप येथील नॉर्वेजियन केंद्राच्या निरीक्षणांशी ताडून प्रकाशाची उंची काढावी, अशी योजना होती. त्याने आपल्याजवळच्या सर्वांत संवेदनशील कोरड्या काचा ध्रुवीय प्रकाशासमोर उघडल्या, पण त्यांवर काही उमटले नाही. तेव्हा प्रकाशाच्या रेखाटनांवरच त्याला समाधान मानावे लागले. दिवसा मात्र त्याच कॅमेऱ्याने त्याने सामी स्त्री-पुरुषांची व्यक्तिचित्रे घेतली आणि आज त्याचे नाव प्रामुख्याने त्या चित्रांसाठीच घेतले जाते. युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्यांचा समावेश झालेला आहे. ज्या कामासाठी तो गेला ते साधले नाही आणि फावल्या वेळात केलेले काम टिकून राहिले.

अपयशाचे एक कारण वर सांगितलेल्या वर्णरेषांतच दडलेले आहे. त्या काळातील साध्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. डोळ्यांना सर्वाधिक दिसणारी हिरवी रेषा त्यांच्या दृष्टीने जवळजवळ अंधारच होती. म्हणजे निरीक्षक जो प्रकाश पाहत होता त्यातील सर्वांत तेजस्वी भाग काच पाहतच नव्हती. डोळा आणि कॅमेरा यांच्यातील तफावत ही अशी पहिल्या प्रयत्नापासूनची आहे. ती काही आजच्या डिजिटल तंत्राने निर्माण केलेली नाही.

ध्रुवीय प्रकाशाचे पहिले यशस्वी छायाचित्र म्हणून जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन ब्रेंडेल यांनी १८९२ मध्ये बोसेकोप येथेच घेतलेल्या चित्राचा निर्देश केला जातो. ते चित्र अस्पष्ट होते. त्यानंतरही काही वर्षे चित्रकाराचा हात कॅमेऱ्यापेक्षा विश्वासार्ह मानला गेला. १८९९ ते १९०१ या काळातील डॅनिश मोहिमांनी आइसलँड व फिनलंडला जाताना हाराल्ड मोल्टके या चित्रकाराला बरोबर नेले होते, ते यामुळेच.

कार्ल स्टर्मर यांची मोजणी

या विषयाला शास्त्राचे स्वरूप दिले ते नॉर्वेजियन गणितज्ञ कार्ल स्टर्मर (१८७४-१९५७) यांनी. क्रिस्टियान बिर्केलँड यांनी निर्वात पात्रात चुंबकित गोलावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून कृत्रिम ध्रुवीय प्रकाश निर्माण केला होता. चुंबकीय क्षेत्रात अशा कणांचे मार्ग कसे असतील याचे गणित स्टर्मर यांनी हाती घेतले. गणिताच्या पडताळणीसाठी प्रकाशाची खरी उंची हवी होती आणि त्याबाबत तेव्हा कमालीचा गोंधळ होता. शेकडो किलोमीटरपासून थेट डोंगरमाथ्यापर्यंत, वाटेल ते अंदाज व्यक्त केले जात.

स्टर्मर यांचा कॅमेऱ्याशी परिचय जुना होता. १८९० च्या दशकात विद्यार्थी असताना अंगरख्याच्या आत कॅमेरा लपवून, बटणाच्या छिद्रातून डोकावणाऱ्या भिंगाने ते ओस्लोच्या (तेव्हाच्या क्रिस्तियानियाच्या) रस्त्यावरील प्रतिष्ठितांची त्यांच्या नकळत छायाचित्रे घेत असत. पुढे ओले क्रोगनेस यांच्या सहकार्याने त्यांनी मोठ्या छिद्राचे चित्रपट-भिंग बसविलेला कॅमेरा सिद्ध केला आणि १९१० मध्ये तो घेऊन ते बोसेकोपला गेले. मिनिटांऐवजी सेकंदांत चित्र घेणे यामुळे शक्य झाले.

त्यांची पद्धत साधी आणि चोख होती. दोन ठिकाणी दोन कॅमेरे ठेवावयाचे, दोन्ही ठिकाणे दूरध्वनीने जोडावयाची, दोघांनी एकच तारा लक्ष्य करावयाचा आणि इशारा होताच एकाच क्षणी काच उघडावयाची. तारे अनंत अंतरावर असल्याने दोन्ही चित्रांत ते एकाच जागी येतात. ध्रुवीय प्रकाश जवळ असल्याने ताऱ्यांच्या तुलनेत तो सरकलेला दिसतो. या सरकण्यावरून, म्हणजे पराशयावरून, उंची काढता येते. १९१० मध्ये दोन केंद्रांतील अंतर ४.३ किलोमीटर होते. डोक्यावर १०० किलोमीटर उंचीवरील प्रकाशासाठी एवढ्या अंतराने केवळ अडीच अंशांचा पराशय मिळतो आणि मापनातील लहानशी चूकही उत्तरात मोठा फरक करते. १९१३ च्या मोहिमेत त्यांनी हे अंतर सुमारे २७ किलोमीटर केले, तेव्हा तोच पराशय १५ अंशांवर गेला. पुढील चार दशके दक्षिण नॉर्वेतील केंद्रांच्या जाळ्यातून हजारो छायाचित्रे घेण्यात आली. त्यांवरून प्रकाशाची खालची कड बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असते हे निश्चित झाले. संधिप्रकाशाच्या वेळी सूर्यकिरणांत न्हालेले काही किरण तर १,००० किलोमीटरपर्यंत पोहोचतात, असेही आढळले.

स्टर्मर यांची चित्रे आजच्या मानाने अनाकर्षक वाटतील. ती कृष्णधवल, भरड आणि लहान आहेत. तथापि त्यांतील प्रत्येक चित्राबरोबर वेळ, स्थळ आणि दिशा यांची नोंद आहे व पार्श्वभूमीला ओळखता येण्याजोगे तारे आहेत. चित्राचे मूल्य तेथे आहे, देखणेपणात नाही.

अंधारातील डोळा

मानवी डोळ्यातील दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात व शंकुपेशी उजेडात. रंगांचे ज्ञान शंकुपेशींमुळे होते. अंधाराला डोळा सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि सरावल्यानंतरही दृष्टी बव्हंशी दंडपेशींवर विसंबलेली असल्याने जग करड्या छटांत दिसते. ‘रात्री सगळ्या गाई काळ्याच’ असे आपण म्हणतो, त्याचे शरीरशास्त्रीय कारण हेच आहे. दंडपेशींची संवेदनक्षमता सुमारे ५०७ नॅनोमीटरला सर्वाधिक असते, ५५७.७ ला ती बऱ्यापैकी असते आणि ६३० ला जवळजवळ नसतेच. त्यामुळे क्षीण ध्रुवीय प्रकाश ढगाच्या पांढुरक्या पट्ट्यासारखा दिसतो. तो वाढला की शंकुपेशी जाग्या होऊन हिरवा रंग जाणवतो. लाल रंग जाणवण्यासाठी प्रकाश फारच प्रखर असावा लागतो.

दुसरा फरक काळाचा आहे. डोळा फार तर सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतका प्रकाश साठवतो आणि पुन्हा नव्याने सुरुवात करतो. कॅमेऱ्याचे शटर दहा सेकंद उघडे ठेवले तर तो त्याच्या किमान पन्नास पट काळ प्रकाश गोळा करतो. शिवाय कॅमेऱ्यातील संवेदकावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांखालील बिंदू अंधारातही आपापले काम करीतच असतात. अंधार झाला म्हणून ते रंग विसरत नाहीत. ६३० नॅनोमीटरचा जो प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचूनही जाणवत नाही, तो कॅमेरा नोंदवतो. हा प्रकाश काल्पनिक नसतो. तो आकाशात खरोखरीच असतो. तो पाहण्याची क्षमता माणसाच्या डोळ्यात नसते, इतकेच.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कॅमेरा रंग मिळवितो, पण हालचाल गमावतो. समजा, १०० किलोमीटर उंचीवरील एक किरण सेकंदाला एक किलोमीटर वेगाने डोक्यावरून सरकत आहे. प्रत्येक सेकंदाला तो सुमारे ०.५७ अंश पुढे जाईल. दहा सेकंदांत ५.७ अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या अकरा पटींहून अधिक. २४ मिलिमीटरच्या भिंगाने पूर्णाकार संवेदकावर हे अंतर साधारण चारशे पिक्सेल इतके भरते. त्याच दहा सेकंदांत तारे जेमतेम तीन पिक्सेल सरकतात. चित्रातील तारे टोकदार दिसतात म्हणून ध्रुवीय प्रकाशही जसा होता तसा आला, असे समजणे त्यामुळे चुकीचे ठरते. छायाचित्रांतून सर्वत्र दिसणारा तो मऊ, रेशमी हिरवा पडदा पुष्कळदा दहा सेकंदांच्या धावपळीची सरासरी असतो. प्रत्यक्षात डोळ्यांनी पाहिलेले किरणांचे थरथरणे त्यात पुसले गेलेले असते. पर्यटकाची तक्रार रंगापुरती खरी आहे. गतीच्या बाबतीत डोळ्यानेच अधिक पाहिलेले असते.

प्रत्यक्ष छायाचित्रण

नॉर्वेतील ट्रोम्सो (६९.६ अंश उत्तर), स्वीडनमधील आबिस्को, अलास्कातील फेअरबँक्स आणि कॅनडातील यलोनाइफ ही ठिकाणे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखाली किंवा त्याच्या निकट येतात. आबिस्कोला पश्चिमेकडील पर्वतांमुळे पर्जन्यछायेचा लाभ मिळून आकाश तुलनेने निरभ्र राहते, तसे समुद्रकाठच्या ट्रोम्सोचे नाही. सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर हा हंगाम होय. उन्हाळ्यात प्रकाश असतो, पण रात्रच होत नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील एल-१ बिंदूजवळ ठेवलेले उपग्रह सौरवाताचा वेग आणि त्यातील चुंबकीय क्षेत्राची दिशा मोजतात. भारताचा आदित्य-एल१ हा उपग्रह ६ जानेवारी २०२४ रोजी याच बिंदूभोवतालच्या कक्षेत पोहोचला. त्यावरील सौर अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली आहे. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाच्या सौरवातास तेथून पृथ्वीपर्यंत येण्यास तासाभराचा अवधी लागतो. छायाचित्रकाराच्या हाती खात्रीची पूर्वसूचना म्हणून असतो तो एवढाच वेळ. क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे वळली की तयारीला लागावे, हा सर्वसाधारण संकेत आहे.

साधने फारशी नसतात. उद्भासन-काल, म्हणजे छायाचित्रकारांच्या बोलीतील एक्स्पोजर, स्वतःच्या हाताने ठरविता येईल असा कॅमेरा, १४ ते २४ मिलिमीटरचे विस्तृत कोनाचे भिंग आणि भक्कम ट्रायपॉड पुरतो. भिंगाचे छिद्र एफ/२.८ किंवा त्याहून मोठे असावे. आयएसओ १६०० ते ३२०० ठेवून प्रखर, चंचल प्रकाशासाठी एक ते तीन सेकंद, मध्यम प्रकाशासाठी पाच ते आठ सेकंद आणि क्षीण प्रभेसाठी १५ सेकंदांपर्यंत काल द्यावा, असे साधारण प्रमाण सांगता येईल. ते प्रमाणच आहे, नियम नव्हे. प्रकाश काही मिनिटांत अनेक पटींनी बदलतो आणि जो एकदा ठरविलेल्या आकड्याला चिकटून बसतो त्याच्या चित्रातील सर्वांत सुंदर क्षण पांढराफटक होऊन वाया जातो. केंद्रीकरण स्वयंचलित पद्धतीवर सोडू नये. एखादा ठळक तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून तो बिंदूवत होईपर्यंत भिंग फिरवावे. भिंगावरील अनंताची खूण अनेकदा थोडी चुकलेली असते.

एका बाबीकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. भिंगाच्या संरक्षणासाठी त्यापुढे सपाट काचेची गाळणी लावण्याची सवय अनेकांना असते. ध्रुवीय प्रकाशाच्या चित्रात यामुळे मधोमध एकात एक वर्तुळे उमटतात. सर्वसामान्य प्रकाशात असे घडत नाही, कारण त्यात असंख्य तरंगलांबींचे मिश्रण असते. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा रंग जवळजवळ एकवर्णी असल्याने काचेच्या दोन समांतर पृष्ठभागांवरून परावर्तित झालेल्या किरणांत व्यतिकरण घडून येते. पदवी वर्गातील विद्यार्थी सोडियमच्या दिव्याखाली न्यूटनची वलये पाहतात, त्यांचेच हे भावंड. हिवाळ्यातील सगळा प्रवास करून परतल्यावर ही वलये लक्षात येणाऱ्यांची संख्या कमी नसावी. गाळणी काढून ठेवणे हा एकमेव उपाय.

उणे २० अंशांच्या थंडीत बॅटरीची क्षमता झपाट्याने घटते. राखीव बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवावी. श्वासाची वाफ भिंगावर गोठते. काम संपल्यावर कॅमेरा थेट उबदार खोलीत नेल्यास त्यावर आत-बाहेर दव साचते, यासाठी बाहेर असतानाच तो हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत घालून मग आत आणावा व खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये.

मोबाइलच्या कॅमेऱ्यांनीही आता हे चित्र घेता येते. त्यातील रात्रदृश्य-प्रणाली अनेक लघुकालीन चित्रे एकत्र जुळविते, गोंगाट कमी करते आणि रंग आपल्या समजुतीने ठरविते. आठवण म्हणून ते उत्तमच. मात्र कोणत्या क्षणाचे किती प्रकाशकण कोठे पडले हे त्या चित्रावरून मागाहून काढता येत नाही. मूळ कच्ची फाइल, म्हणजे रॉ, जपून ठेवण्याचा आग्रह त्यासाठीच धरला जातो. रंगतापमानही स्वयंचलित न ठेवता एका आकड्यावर स्थिर ठेवावे. नाहीतर आकाश हिरवे होत जाईल तसा कॅमेरा ते ‘सुधारत’ जातो आणि एकाच रात्रीच्या दोन चित्रांची तुलना करता येत नाही.

छायाचित्रातून लागलेले शोध

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात संपूर्ण आकाश एकाच चौकटीत घेणारे कॅमेरे ध्रुवीय प्रदेशांत शंभराहून अधिक ठिकाणी बसविण्यात आले. त्यांच्या फिती ताडून पाहताना स्युन-इची आकासोफू यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले की शांत कमान अकस्मात उजळणे, फुटणे, ध्रुवाकडे पसरणे आणि पुन्हा शांत होणे या घटना सुट्या नसून एकाच प्रक्रियेच्या अवस्था आहेत. एका ठिकाणी उभ्या असलेल्या कोणत्याही निरीक्षकाला, मग तो कितीही कुशल असो, हे दिसणे शक्य नव्हते.

त्यानंतरचे दोन प्रसंग हौशी छायाचित्रकारांचे आहेत. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील हौशी मंडळी आकाशात आडवी पसरणारी एक अरुंद जांभळट पट्टी टिपत असत. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांशी त्यांचा संवाद झाला, पट्टीला ‘स्टीव्ह’ असे गमतीचे नाव मिळाले, आणि स्वार्म उपग्रहाच्या नोंदींशी चित्रांच्या वेळा जुळवून २०१८ मध्ये संशोधन प्रसिद्ध झाले. ती पट्टी नेहमीच्या अर्थाने ध्रुवीय प्रकाश नाही, असे पुढील अभ्यासातून दिसून आले. दुसरा प्रसंग फिनलंडचा. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथील हौशी छायाचित्रकारांना वाळूच्या टेकड्यांसारख्या समांतर हिरव्या लाटा दिसल्या. हेलसिंकी विद्यापीठातील मिन्ना पाल्मरोथ व सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या गावांतून एकाच वेळी घेतलेली चित्रे निवडली, त्यातील तारे ओळखले आणि लाटांची उंची सुमारे १०० किलोमीटर व त्यांतील अंतर ४५ किलोमीटर असल्याचे काढले. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शंभर वर्षांपूर्वीची स्टर्मर यांचीच पद्धत येथे वापरली गेली होती. दूरध्वनीवरील इशाऱ्याची जागा कॅमेऱ्यातील घड्याळाने घेतली होती, इतकाच फरक. ज्यांच्या कॅमेऱ्यातील घड्याळ चुकलेले असेल, त्यांची चित्रे कितीही देखणी असली तरी अशा कामी येणार नाहीत.

हॅनलेची तांबडी प्रभा आणि मुंबईची रात्र

हॅनले सुमारे ३३ अंश उत्तर अक्षांशावर, ४,५०० मीटर उंचीवर आहे. तेथून एप्रिल २०२३ मध्ये आणि नंतर मे २०२४ च्या महावादळात टिपलेली प्रभा लालच का, हिरवी का नाही, याचे उत्तर भूमितीत आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे १०० किलोमीटर उंचीवरील प्रकाश जास्तीत जास्त सुमारे १,१०० किलोमीटर अंतरावरून क्षितिजाला टेकलेला दिसू शकतो. ४०० किलोमीटर उंचीवरील प्रकाश मात्र सुमारे २,२०० किलोमीटरवरून दिसतो. दूर उत्तरेकडील पडद्याचा हिरवा पायथा हॅनलेच्या क्षितिजाखाली बुडालेला असतो आणि वरचा लाल भाग तेवढा दिसतो. त्यातच प्रबळ वादळांच्या वेळी मध्यम अक्षांशांवर निर्माण होणाऱ्या, केवळ ६३० नॅनोमीटरच्या स्थिर लाल कमानींची भर पडू शकते. दोहोंचा प्रकाश नेमका त्या रंगाचा आहे ज्यापुढे अंधारातील डोळा आंधळा असतो. म्हणून हॅनलेचे चित्र डोळ्यांच्या साक्षीशी जुळत नाही या कारणास्तव त्यावर अविश्वास दाखविणे योग्य नव्हे. अविश्वास दाखवावयाचा तर तो रंग मागाहून गडद केलेल्या, वेळ आणि दिशा न सांगणाऱ्या चित्रांवर दाखवावा. संपादनाला हरकत असू नये. परंतु चित्राखाली दिनांक, जागतिक प्रमाणवेळ, स्थळ, दिशा, भिंग, छिद्र, आयएसओ, उद्भासन-काल आणि केलेले संपादन या गोष्टी लिहिण्यास दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळींनी शोभेचे चित्र नोंदीच्या पंक्तीला जाऊन बसते.

अशी नोंद असेल तर ती अलिबागच्या आलेखाशी ताडून पाहता येते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलविण्यात आली आणि १९०४ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत आहे. हॅनलेच्या आकाशात लाल प्रभा कोणत्या मिनिटाला वाढली आणि अलिबागचा आलेख कोणत्या मिनिटाला खाली घसरला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला हा विषय सहज पुरेल.

१८७२ च्या रात्रीबाबत मात्र यातील निम्मेच शक्य आहे. त्या वादळाची तीव्रता ठरविताना अलीकडच्या संशोधकांनी मुंबईच्या चुंबकीय नोंदी वापरल्या आहेत. वृत्तपत्रातील वर्णनही हाताशी आहे. वरील भूमितीनुसार, मुंबईच्या क्षितिजावर ४०० किलोमीटर उंचीचा प्रकाश दिसण्यासाठी तो सुमारे ३९ अंश उत्तर अक्षांशापर्यंत तरी खाली उतरलेला असावा लागतो. तो क्षितिजापासून वर जितके अंश दिसला असेल, तितका तो आणखी दक्षिणेला असला पाहिजे. ते अंश किती होते, हे ताऱ्यांसह घेतलेल्या एका भरड, कृष्णधवल काचेवरूनही मोजता आले असते.